बल्कहेड म्हणजे नक्की काय? सीट, भिंत की दिवा?

मनवा_डोंबिवली

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण त्यावरून घरात दोन दिवस धुसफूस चालू आहे, म्हणून इथे आले.

मी आणि आमचं आठ महिन्यांचं पिल्लू जानेवारीत मुंबईहून टोरांटोला निघालोय. नवरा आधीच तिकडे आहे. तिकीट काढताना एजंट म्हणाला, "मॅडम, बल्कहेड सीट घ्या, बाळाला पाळणा मिळतो." मी हो म्हटलं आणि रात्री जेवताना सहज बाबांना सांगितलं. बाबा एकतीस वर्षं गोदीत शिपराइट, म्हणजे जहाज बांधणारे कारागीर, होते. त्यांचा घास हातातच राहिला. "बल्कहेडवर बसणार तू? बाळाला घेऊन?" मग ताक येईपर्यंत व्याख्यान. बल्कहेड म्हणजे जहाजाच्या पोटातली पोलादी भिंत, तिच्यावर कोणी बसत नाही, आणि एजंटला काडीची अक्कल नाही.

हे मिटतंय तोवर काल जिन्यातला दिवा बदलायला वायरमन आला. तो म्हणाला, "ताई, नवा बल्कहेड आणावा लागेल, जुन्यात पाणी गेलंय." बाबा आतल्या खोलीत निघून गेले.

तर मंडळी: ही सगळी एकच भानगड आहे का? त्या सीटवर बाळाला घेऊन बसावं का? आणि तिसरा प्रश्न बाबांचा, त्यांच्याच शब्दांत: "विमानात पाणी शिरत नाही, मग त्याला बल्कहेड कशाला हवं?"

लोहारचाळवाला

वायरमन बरोबर आहे. आमच्या दुकानात बल्कहेड मागितलं की आम्ही दिवा देतो. गोल किंवा लांबट, जाड काच, वरून जाळी, आत रबराची रिंग. हा मूळचा जहाजाच्या भिंतीवर लावायचा दिवा, म्हणून भिंतीचं नाव दिव्याला चिकटलं. जिन्यात, संडासात, गच्चीच्या दाराशी लावतात. पाणी गेलं असेल तर काच नाही, आतली रिंग गेली असणार. नुसती रिंग मिळत नाही, आख्खा दिवाच घ्या.

हँगर_नंबर_तीन

मनवाताई, एजंट बरोबर आहे आणि बाबाही. मी विमानाच्या देखभालीत बावीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी शेपटीकडे वाकून.

आधी कामाचं. तुमच्या सीटपुढची भिंत म्हणजे नुसता आडोसा. दोन वर्गांच्या मध्ये किंवा स्वच्छतागृहाच्या पाठीला उभा केलेला हलका पॅनेल, आतून मधाच्या पोळ्यासारखा पोकळ. पाळणा तिलाच अडकवतात. पाळण्याला वजनाची आणि लांबीची मर्यादा असते, ती प्रत्येक विमान कंपनीची वेगळी. आठ महिन्यांचं बाळ त्यात बसेलच असं नाही, म्हणून एजंटच्या भरवशावर न राहता कंपनीला फोन करून बाळाचं वजन सांगा आणि पाळणा नोंदवून घ्या. सीट मिळाली म्हणजे पाळणा मिळाला असं नसतं. उडताना, उतरताना आणि पट्ट्याचा दिवा लागला की बाळ मांडीवर घ्यावं लागतं. रात्री दोनला नुकतं झोपलेलं बाळ उचलायची तयारी ठेवा. पुढे सीट नसल्यामुळे पायाशी पिशवी ठेवता येत नाही, डायपरची बॅगसुद्धा वर जाते. जेवणाचं टेबल हाताच्या दांड्यात असतं, त्यामुळे दांडा वर होत नाही.

आता बाबांचा प्रश्न. खरी बल्कहेडं दोन, आणि ती प्रवाशांना कधी दिसत नाहीत. एक वैमानिकांच्या पायांपुढे, जिच्यापलीकडे नाकात रडार असतं. दुसरी शेवटच्या पॅन्ट्रीच्या मागे. विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवर असताना आतली हवा दाबून ठेवलेली असते, बाहेर विरळ. आत-बाहेर फरक चौरस इंचाला आठ-नऊ पौंड. ऐकायला किरकोळ वाटतो. तीन मीटर व्यासाच्या भिंतीवर हिशेब करून बघा, चाळीस टनांच्या वर जातो. म्हणून बहुतेक विमानांत मागची भिंत सपाट नसते, घुमटासारखी फुगीर असते. गॅस सिलिंडरची टोकं गोल का असतात? कारण तेच. सपाट पत्रा दाबाने वाकायला बघतो, गोल पत्र्यात तोच दाब ताणासारखा पसरतो. तुमची भिंत पाणी बाहेर ठेवते बाबा, आमची हवा आत ठेवते.

ती फुटली तर काय होतं ते १२ ऑगस्ट १९८५ ला कळलं. जपान एअरलाइन्सचं १२३ नंबरचं उड्डाण, टोकियोहून ओसाका, बोइंग ७४७. त्याआधी सात वर्षांपूर्वी, जून १९७८ मध्ये, त्याच विमानाची शेपटी ओसाकाला उतरताना धावपट्टीवर घासली होती. मागच्या भिंतीचा खालचा अर्धा भाग बदलला. वरचा जुना आणि खालचा नवा यांच्या सांध्यात एक सलग जोडपट्टी हवी होती, ती दोन तुकड्यांत बसली. कागदावर रिव्हेटच्या दोन रांगा भार घेणार होत्या, प्रत्यक्षात एकच घेत होती. बाहेरून बघणाऱ्याला पट्टी दिसत होती, रिव्हेटही दिसत होते. विमान त्यानंतर बारा हजारांहून जास्त वेळा उडालं. प्रत्येक उड्डाणात भिंत एकदा फुगते, एकदा बसते. उडाल्यावर बारा मिनिटांनी ती फाटली, आतली हवा शेपटीत घुसली, शेपटीवरचा उभा पंख तुटून उडाला आणि हायड्रॉलिकच्या, म्हणजे विमान वळवायला लागणाऱ्या तेलाच्या, चारही नळ्या तिथेच तुटल्या. वैमानिकांनी नुसत्या इंजिनांच्या जोरावर ते धूड बत्तीस मिनिटं हवेत ठेवलं. ५२४ पैकी चार जण वाचले.

नंतर ७४७ मध्ये शेपटीत जाणारी वाट झाकली आणि एका नळीत तेल अडवणारी कळ बसवली, म्हणजे भिंत फाटली तरी चारही नळ्या रिकाम्या होऊ नयेत. हे मी प्रत्येक नव्या पोराला सांगायचो. बहुतेकांना चहाची घाई असायची.

तुम्ही निर्धास्त जा. घाबरवायला नाही लिहिलं, बाबांनी विचारलं म्हणून लिहिलं.

खडूवाला

मनवा, बाबांना माझा नमस्कार सांग. शिपराइट म्हणजे आमच्या भाऊबंदकीतलेच. मी जहाजांची तपासणी करायचो. आधी एका यार्डात, मग फिरतीवर. आता गुहागरला असतो, भात लावतो आणि नातवंडांवर ओरडतो.

जहाजाला आडव्या, म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत, भिंती का, ते समजायला जहाज नको, खाचर पुरे. आमच्या उतारावर भाताची खाचरं एकाखाली एक आहेत. वरचं खाचर भरलं की पाणी बांधावरून खालच्यात उतरतं, ते भरलं की त्याच्या खालच्यात. बांध फुटावा लागत नाही. बांधाची उंची संपली की झालं.

टायटॅनिकचं नेमकं हेच झालं. पंधरा आडव्या भिंती, सोळा खण. कुठलेही लागोपाठचे दोन खण भरले तरी जहाज तरंगणार, आणि पुढून चार भरले तरी तरंगणार, असा हिशेब होता आणि तो चुकीचा नव्हता. हिमनगाने पाच-सहा खण उघडे केले. भोक मोठं नव्हतं. जहाज बांधणाऱ्या कंपनीच्याच एडवर्ड वाइल्डिंगने चौकशीत हिशेब मांडला तो सगळा मिळून बाराएक चौरस फुटांचा, म्हणजे आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं दार. पण मधल्या भिंती ई डेकपर्यंतच नेलेल्या (डेक म्हणजे मजला, अक्षरं वरून खाली ए, बी, सी अशी). नाक खाली गेलं तसं पाणी भिंतीच्या डोक्यावरून पुढच्या खणात, तिथून पुढच्या. रात्री ११.४० ला धडक, २.२० ला खेळ खलास. लोक विचारतात, पोलाद वाईट होतं का, रिव्हेट वाईट होते का. मी विचारतो, भिंत कुठे थांबवली होती?

मग शहाणपण आलं. तिची धाकटी बहीण ब्रिटानिक, तिच्या काही भिंती बी डेकपर्यंत चढवल्या. ती युद्धात इस्पितळ-जहाज झाली. २१ नोव्हेंबर १९१६ ला ग्रीसजवळ सुरुंगावर आदळली आणि ५५ मिनिटांत गेली. टायटॅनिकच्या निम्म्याहून कमी वेळ! का? पुढचे काही दरवाजे नीट बंद झाले नाहीत, आणि वॉर्डांत हवा यावी म्हणून कडेच्या गोल खिडक्या उघड्या होत्या. जहाज कलंडलं तशा त्या पाण्याखाली आल्या. भिंती उंच, खिडक्या सताड.

भिंतीला भोक नसतं असं नाही. पाइप जातात, केबल जातात, माणसं जातात. सगळ्यात पुढची जी भिंत, कोलिजन बल्कहेड, तिच्याबाबत नियम सगळ्यात कडक. जहाजाच्या लांबीच्या साधारण पाच टक्के मागे ती असते, म्हणजे नाक चेपलं तरी हिला धक्का लागू नये. हिला खाली दरवाजा चालत नाही, माणूस जाईल असं झाकणसुद्धा नाही. जुन्या नियमात पुढच्या टाकीचा एक पाइप कसाबसा चालायचा, तोही वरच्या डेकवरून बंद करता येईल असा व्हॉल्व्ह असला तरच.

बाकीच्या भिंतींना दरवाजे असतात, आणि माझं सगळं आयुष्य त्या दरवाजांत गेलं. नावामागची गोष्ट सांगतो. दरवाजा पाणी धरतो की नाही हे बघायला आधी खडू लागतो. चौकटीची जी धार रबरावर टेकते तिच्यावर खडू घासायचा, दरवाजा घट्ट लावायचा, उघडायचा. रबरावर सलग पांढरी रेघ उठली पाहिजे. जिथे रेघ तुटली तिथून पाणी येणार, वाद नाही. खडूनंतर होजची परीक्षा. दीड मीटरच्या आतून, दोन बारच्या दाबाने पाण्याचा फवारा शिवणीवर मारायचा आणि पलीकडे माणूस बॅटरी घेऊन उभा.

एकदा पलीकडे मी होतो. दुरुस्तीला आलेलं मालवाहू जहाज, यार्डाचं नाव घेत नाही. दरवाजाची रेघ सुरेख उठलेली, फोरमन खूश. फवारा सुरू झाला आणि माझ्या मानेवर थेंब पडला. वर बघितलं तर दरवाजापासून चार हात लांब, केबल भिंतीतून जिथे जाते तिथून पाणी झिरपत होतं. तिथे दाबून भरायचं खास पॅकिंग असतं. मी बोट घातलं तर बोटाला कापूस लागला. कोणीतरी कॉटन वेस्ट कोंबून वर दोन हात रंग फासला होता. रंग इतका छान की त्यावर आदल्या वर्षीच्या तपासणीची टिकसुद्धा होती. मी फोरमनला बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, दरवाजा तर पास झाला ना?"

हँगरवाल्यांनी जपानच्या विमानाचं लिहिलं ते वाचून तोच कापूस आठवला. पट्टी दिसत होती म्हणे. रंगही दिसत होता.

अवांतर: हा शोध गोऱ्यांचा नाही. चीनच्या क्वानझोउ बंदरात १९७४ साली गाळातून तेराव्या शतकातलं जहाज काढलं, त्याला बारा भिंती आणि तेरा खण होते.

रोरोप्रवासी

खडूवाला काका, मस्त. एक शंका. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रोरोने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, जातो तेव्हा गाड्यांचा डेक या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा असतो. तिथे भिंत नाही ती कशी चालते?

खडूवाला

चांगलं विचारलंत. गाड्या एका टोकाने चढून दुसऱ्या टोकाने उतरायच्या तर मध्ये भिंत घालणार कशी? म्हणून या जातीच्या बोटीत भिंती गाड्यांच्या डेकखाली असतात आणि सगळी मदार दोन्ही टोकांच्या दारांवर. तो डेक समुद्रापासून वर असतो आणि दार बंद असतं, तोवर भिंत नसली तरी चालतं.

दार उघडं राहिलं तर काय, ते बेल्जियमच्या झीब्रुग बंदरात ६ मार्च १९८७ ला दिसलं. हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज पुढचं दार न लावता निघाली. लावायचं ज्याचं काम तो झोपलेला होता, आणि कॅप्टनला ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतून, दार दिसत नव्हतं, दाराचा दिवाही नव्हता. वेग घेतल्याबरोबर पाणी डेकवर आलं आणि काही मिनिटांत बोट आडवी झाली. १९३ माणसं गेली.

इतकं झटकन का, ते घरी करून बघा. परातीत दोन बोटं पाणी घ्या आणि ती दोन हातांत धरून चाला. पाणी ज्या बाजूला पळेल तिकडे परात कलते, कलली की अजून पाणी तिकडेच. आता तेच पाणी मध्ये उभी पट्टी घातलेल्या परातीत कल्पा. डोलवण्याचा जोर निम्मा नाही, चौथाई होतो. हे गणित आहे, माझं मत नाही. टँकरच्या टाक्या लांबीला विभागतात त्याचं एक कारण हे.

पण लगेच लांबीच्या भिंती घालत सुटू नका. लुसिटानियाच्या दोन्ही कडांना लांबट कोळशाचे खण होते. १९१५ मध्ये टॉर्पेडो उजव्या कुशीत लागला, पाणी त्याच बाजूला अडकून राहिलं, जहाज लगेच कललं. डाव्या बाजूच्या होड्या आत झुकल्या, उजवीकडच्या लांब लोंबकळल्या, सोडता येईनात. अठरा मिनिटांत बुडालं. आडव्या भिंतीने पाणी अडवलं तर जहाज सरळ खाली बसतं, लांबीच्या भिंतीने अडवलं तर कुशीवर जातं. माझ्या हातात असतं तर मी कुशीपेक्षा बसणं घेतलं असतं, तेवढ्यात होड्या तरी निघतात.

ठाण्याचा_सेक्रेटरी

इमारतींचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बावीस मजली सोसायटीचा सहा वर्षं सेक्रेटरी आहे (कोणी सोडवा).

आमच्याकडे पाण्याऐवजी धूर. जिन्याची भिंत, जिन्याचा फायर डोअर, मजल्यामजल्याचे स्लॅब, हे सगळे आमचे बल्कहेड. एका फ्लॅटमधली आग त्याच फ्लॅटमध्ये ठरावीक वेळ कोंडून राहावी आणि जिना मोकळा राहावा, एवढंच त्यांचं काम. ते काम कोण बिघडवतं ते सांगतो. इंटरनेटवाला पोरगा येतो, मजल्याच्या डक्टमधून केबल टाकायला स्लॅबला मनगटाएवढं भोक पाडतो, केबल करंगळीएवढी. उरलेलं भोक तसंच. आमच्या एका डक्टमध्ये मी बॅटरी मारली तर नवव्या मजल्यावरून पाचव्याची फरशी दिसली! चार मजल्यांची चिमणी झाली की. सगळी भोकं आगरोधक मसाल्याने बुजवून घेतली, तर सर्वसाधारण सभेत पहिला प्रश्न, "या खर्चाची गरज काय होती?"

फायर डोअरचं तर बोलूच नका. तो आपोआप लागला पाहिजे, म्हणून वर क्लोझर असतो. लोकांना तो जड वाटतो. मग कुंडी, पायपुसणं, सिमेंटचा ठोकळा. एका ताईंनी दाराला सुतळी बांधून ती मीटरच्या खोक्याला अडकवली होती.

आणि काकांच्या खाचरावरून लंडनचा ग्रेनफेल टॉवर आठवला. १४ जून २०१७, चोवीस मजले, ७२ माणसं. तिथेही प्रत्येक घर आग कोंडून ठेवणारा खण होता, त्याच भरवशावर रहिवाशांना घरातच थांबा असं सांगत होते. आग आतल्या भिंती फोडून नाही गेली, बाहेरून चिकटवलेल्या आवरणावरून चढली आणि खिडक्यांतून प्रत्येक खणात उतरली.

खडूवाला

सेक्रेटरी, जहाजावर तुमच्या भिंतीला ए-६० म्हणतात. साठ मिनिटं धूर आणि ज्वाळा पलीकडे जाता कामा नयेत, आणि पलीकडच्या पत्र्याचं तापमान मुळापेक्षा सरासरी १४० अंशांहून जास्त वाढता कामा नये. दुसरी अट लोक विसरतात. ज्वाळा अडली तरी तापलेल्या भिंतीला टेकवलेल्या गाद्या पलीकडे पेट घेतात.

आणि सुतळीवाल्या ताईंना माझा नमस्कार. आमच्या जहाजावर एका स्वयंपाक्याने दरवाजा बटाट्याच्या गोणीने उघडा ठेवला होता. गोणी वर्षभर तिथेच. बटाटे संपले की नवी.

मनवा_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार! कंपनीला फोन केला. बाळाचं वजन पाळण्यात बसतंय, पण काठावर, आणि जानेवारीपर्यंत काय होईल सांगता येत नाही, कारण आजी गप्प बसत नाही. पाळणा नोंदवला आहे, सीटही मिळाली.

हा धागा बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. विमानाची भिंत त्यांनी मान्य केली ("गोल आहे म्हणतोस? मग ठीक"). कॉटन वेस्टपाशी इतके हसले की ठसका लागला, आणि मग म्हणाले, "आमच्याकडे गोणपाट असायचं." खडूवाला काकांना त्यांचा निरोप: रबर काळं असेल तर पांढरा खडू ठीक, पण रबर जुनं आणि राखाडी झालं असेल तर निळा घ्यावा, रेघ नीट दिसते.

जेवण झाल्यावर ते बॅटरी घेऊन खाली गेले. आमच्या तळमजल्याच्या फायर डोअरला विटा लावलेल्या असतात, त्या त्यांनी बाजूला केल्या आणि दार सोडून दिलं. दार आलं, आलं, आणि चार बोटं अलीकडेच थांबलं. तीनदा करून बघितलं. आता ते चेअरमनला पत्र लिहितायत. तिसरा मसुदा चालू आहे, आणि पहिल्या दोन्हींत टायटॅनिक होतं.